एजवेअरच्या उन्हात उडालेला जांभळा रंग

मी एक जुना जपानी कागद आहे. वय दोनशेच्या आसपास. नक्की विचारू नका, या वयात पाच-दहा वर्षं इकडेतिकडे व्हायचीच. माझ्यावर एक चित्र छापलेलं आहे. सध्या मी लंडनच्या उत्तरेला, एजवेअरमध्ये, टिपणीसांच्या घरी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात पडून आहे. अंगावर टॉवेलांची चळत आहे. त्याबद्दल तक्रार नाही, अंधार मला मानवतो. पण मित्रांनो, एक गोष्ट आत सलते आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एदो शहरातला. आज त्याला तोक्यो म्हणतात. तुतीच्या जातीतल्या एका झाडाची साल कुटून मला घडवलं. एकाने चित्र काढलं, दुसऱ्याने ते चेरीच्या लाकडावर कोरलं, तिसऱ्याने एकेका रंगाची एकेक फळी घेऊन मला तिच्यावर घासलं. दर वेळी त्याच कोपऱ्याला कोपरा लावायचा. केसभर सरकलो की नटाचं तोंड एकीकडे आणि ओठांचा रंग दुसरीकडे! माझी कितीतरी भावंडं अशीच वाया गेली. मी बरोबर बसलो. सांगायला हरकत नाही, मी देखणा होतो.

माझ्यावर एक नट आहे. जपानी नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. नाकं मुरडू नका, तुमच्याकडेही करायचे आणि लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. तिकडच्या पुरुषांना कपाळावरचे केस भादरावे लागत. मग बाई दिसायची कशी? म्हणून कपाळावर जांभळ्या रेशमाची पट्टी बांधायची. पुढे ती पट्टीच अशा नटांची खूण झाली. माझ्यावरचा नट नव्या वर्षाच्या दिवशी नाटकगृहाच्या माडीवरच्या खिडकीत बसून पतंग उडवतो आहे. आमच्याकडे पतंग नव्या वर्षाला उडवतात. पतंगावर त्याच्या जोडीदार नटाचा चेहरा, डोळे तिरळे करून रोखलेला. नाटकात नट असा डोळे रोखून थबकला की मागे बसलेले दर्दी त्याच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडत. ती आरोळी चुकून अर्धा क्षण आधी आली तरी सगळ्या थिएटराचा विरस व्हायचा. पतंगाची जमीन, म्हणजे चेहऱ्यामागचा कागद, जांभळी, कपाळावरची पट्टीही जांभळी.

आता हा जांभळा नीट ऐका, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. एका निळ्या रानफुलाचा रस आणि करडईच्या फुलांची लाली मिळून तो झाला होता. दोन्ही फुलंच. ओल लागली की जातो, उजेड लागला की जातो. ऊनच लागलं पाहिजे असं नाही, नुसता उजेडही त्याला खातो, हळूहळू. आणि गेलेला रंग अंधारात कितीही वर्षं ठेवलं तरी परत येत नाही.

माझं नशीब असं की मी उजेडात फारसा राहिलोच नाही. एका जहाजावरच्या इंजिनिअरने मला विकत घेतलं, इंग्लंडला आणलं आणि एका जाडजूड वहीत घालून ठेवलं. यॉर्कशरमधल्या त्याच्या घरात ती वही शंभरेक वर्षं कुणी उघडली नाही. त्या वेळी मला फार वाईट वाटायचं. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, मेल्यासारखा पडलोय! पुढे कळलं की त्या दुर्लक्षानेच मला वाचवलं.

वही फिरत फिरत एका चर्चच्या जुन्या-बाजारात आली. वॉलपेपरच्या नमुन्यांखाली मी दडलेलो होतो. तिथे रघुवीर टिपणीस नावाच्या एका चाळिशीच्या माणसाने पान उलटलं आणि चटकन मिटलं. पुन्हा थोडंसं उघडलं, पुन्हा मिटलं. मग ती वही विकत घेऊन त्याने कोटाच्या आत, छातीशी धरून घरी नेली.

रघुवीर लंडनच्या एका संग्रहालयात चित्रांसाठी माउंट कापायचं काम करी. माउंट म्हणजे चित्राभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची चौकट. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांची चित्रं सजवली. भिंतीवर चित्रकाराचं नाव, देणाऱ्याचं नाव, अभ्यासकाचं नाव. माउंट कापणाऱ्याचं नाव कोण लिहितो? त्याला ते बोचायचं, पण बोलायचा नाही. त्याचा हात मात्र असा होता की त्याने कापलेल्या कडेवर बोट फिरवलं तर कुठेच अडकायचं नाही. मला त्याने त्याच हाताने खणात ठेवलं आणि घरात हुकूम सोडला, "याला उजेड दाखवायचा नाही."

फक्त वर्षातून एकदा, संक्रांतीला. पतंगांचा सण म्हणून. पडदे ओढून, कोपऱ्यातला एकच दिवा लावून तो मला टेबलावर ठेवी. त्याची बायको सुमेधा तिळगूळ आणि चहा घेऊन येई, मुलगी आसावरी खुर्चीवर गुडघे टेकून वाकून बघे. चहा संपला की मी परत खणात! सुमेधा दर वर्षी म्हणायची, "अहो, आत्ता कुठे नजर बसत होती!" तो हसायचा आणि खण लावून टाकायचा. संग्रहालयात येणाऱ्या पाहुण्यांना, विद्यार्थ्यांना तो रंग कसे जातात हे तासन् तास सांगत असे, असं मी ऐकून आहे. बायकोला त्याने कधी बसवून सांगितलं नाही. घरच्या माणसाला हुकूम पुरतो, अशी त्याची समजूत.

वर्षं गेली. आसावरी लीड्सला मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट झाली, रघुवीर रिटायर झाला. इथल्या मराठी मंडळातल्या सुमेधाच्या एका मैत्रिणीची मुलगी, ईशिता, त्याच संग्रहालयात जपानी चित्रांच्या विभागात लागली. एका संक्रांतीला तिने मला पाहिलं आणि खुर्चीच ओढून घेतली. "काका, यू हॅव नो आयडिया! असा जांभळा आमच्याकडे एकपण नाहीये." तिने वरिष्ठांशी बोलणं केलं. संग्रहालय मला घ्यायला तयार झालं. दोन वर्षांनी, नव्या दालनाची मांडणी ठरेल तेव्हा, ईशिता येऊन कागदांवर सह्या घेणार होती. माझ्याशेजारच्या पाटीवर लिहिलं जाणार होतं, "रघुवीर टिपणीस यांची भेट". त्या रात्री त्याने जेवताना हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. सुमेधा म्हणाली, "आता पुरे, भात निवला." पण खूश तीही होती.

आणि मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही. नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला आणि पसरत चालला. दर महिन्याला हॉस्पिटलात डोळ्यांत इंजेक्शन. कडेकडेचं थोडं दिसे, समोरचं नाही. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला त्याने मला टेबलावर ठेवलं, पडदे ओढले, तो एकच दिवा लावला आणि वाकला. खूप वेळ वाकून राहिला. चहा गार झाला. शेवटी म्हणाला, "सुमेधा, सरळ ठेवलंय ना गं मी?"

मी सरळच होतो, मित्रांनो. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

सुमेधाने त्या दिवशी मनाशी काहीतरी ठरवलं. पुढच्या संक्रांतीला मी घर सोडून जाणार, तोवर नवऱ्याला पोटभर बघता यावं, एवढंच तिच्या मनात. मार्चमध्ये त्याची इंजेक्शनची तारीख होती, आसावरी लीड्सहून येऊन त्याला घेऊन गेली होती. तेवढ्यात ही बाई मला घेऊन फ्रेमच्या दुकानात. घराच्या पुढच्या खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे. त्याची खुर्ची तिथेच. खुर्चीच्या बाजूला, भरपूर उजेड पडेल अशा भिंतीवर तिने मला टांगलं. तो घरी आला तर ही दारातच उभी, चेहरा असा की चोरून लाडू केलेत.

"बघा तरी! आता रोज बघा. उजेड हवा ना तुम्हाला, हा घ्या उजेड."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "ऊन येतं इथे."

"येऊ दे की! स्पेशल काच आहे. यूव्हीची. दुकानदार म्हणाला, नाइन्टी-नाइन परसेंट. गॅरंटी आहे. मी काय वेडी आहे का साधी काच लावायला?"

ती काच उन्हातला एक भाग अडवते. नुसता उजेड अडवत नाही, आणि फुलांच्या रंगाला नुसता उजेडच पुरतो. हे साऱ्या एजवेअरमध्ये एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माझ्यासमोर उभा होता. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, काढ ते खाली. आता ओरडेल. त्याने तोंड थोडं बाजूला वळवलं, कारण कडेच्या नजरेनेच त्याला दिसायचं. आणि त्या भरपूर उजेडात मी त्याला दिसलो. खिडकी, नट, दोरा, पतंग.

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

त्यानंतरचे महिने खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. दोनशे वर्षांत मला कुणी इतकं बघितलं नव्हतं. सकाळी तो चहा घेऊन बसे, मान तिरकी करून माझ्यासमोर गप्प बसून राही. सुमेधा भाजी चिरायला तिथेच येई. "तो पतंगावरचा मेला किती वाईट डोळे काढतोय बघा," ती म्हणे, आणि दोघं हसत. त्या वर्षी उन्हाळाही असा पडला की शेजारपाजारचे लोक लाल होऊन फिरत होते. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत ऊन माझ्या अंगावर. मला कळत होतं. आधी पतंगाची जमीन फिकी पडली, मग कपाळावरची पट्टी. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण कागद ओरडतो कुठे! सुमेधाला काही दिसलं नाही. रोज बघणाऱ्या माणसाला रोजचं थोडं थोडं जाणं दिसत नाही. रघुवीरला नुसते आकार दिसत, रंग ओळखण्यापलीकडे नजर गेली होती. दर आठवड्याला तो एकदा विचारी, "जांभळा आहे ना गं?"

"आहे हो! कुठे जातोय?" ती म्हणे. तिला तसंच दिसत होतं.

यंदाची संक्रांत आली. ईशिता सकाळी अकराला कागद घेऊन हजर. रघुवीरने नवा स्वेटर घातला होता, सुमेधाने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. ईशिता हसत हसत आत आली, वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली. तिचं हसू तिथेच राहिलं.

"काकू, ही फ्रेम मी काढली तर चालेल?" ती हळूच म्हणाली.

तिने मला टेबलावर उतरवलं. पातळ सुरीने माउंट सोडवलं आणि उचललं. पतंगाचा एक कोपरा माउंटच्या कडेखाली झाकलेला होता. तिथे बोटभर जागेत उजेड पोचला नव्हता. तिथे जांभळा जसाच्या तसा होता, गडद, ओला वाटावा असा. आणि त्याच्या लगेच पलीकडे, सरळ रेषेत, सगळं मातकट करडं. कपाळाची पट्टी तर नव्हतीच जणू. नटाचं कपाळ उघडं पडलं होतं.

सुमेधाने तो कोपरा पाहिला. उरलेला कागद पाहिला. दोन्हींवरून तिची नजर चार-पाच वेळा फिरली. मग तिने टेबलाची कड धरली.

"काय झालं?" रघुवीरने विचारलं. "अरे, काय झालं?"

"काका, आय ॲम सो सॉरी." ईशिताने सुरी खाली ठेवली. "जांभळा फेड झालाय. ऑलमोस्ट सगळाच. माझ्या बॉसना सांगावं लागेल मला... कमिटी आता नाही म्हणेल, काका. फेड झालेले आमच्याकडे आहेत. खूप आहेत."

ती बिचारी पोळीचा तुकडाही न खाता गेली. सह्यांचे कागद तसेच परत नेले.

आणि मित्रांनो, इथे जे झालं ते मला तुम्हाला सांगायचं होतं. सुमेधा त्याच्या पायाशी खाली बसली आणि तिला रडू आवरेना. "मी केलं हो हे. मी! तुम्ही चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलंत आणि मी दहा महिन्यांत माती केली. मलाच दुर्बुद्धी झाली. तुमचं नाव लागायचं होतं हो तिथे..." ती कपाळावर हात मारत होती. आणि तो खुर्चीत बसून होता. ऐकत होता. ती शिव्या देत होती स्वतःला, आणि तो एक शब्द बोलला नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी टेबलावरून बघत होतो. मला वाटलं, बोल रे माणसा! आत्ता बोल! ज्या हाताने मला इतकी वर्षं सांभाळलं, त्या हाताची मला तेव्हा लाज वाटली.

दुपारभर ती घरात भुतासारखी फिरली. गुळाच्या पोळ्या झाकून ठेवल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा झाकल्या. चारच्या सुमाराला तिने आसावरीला फोन लावला. "आसू, माझ्या हातून फार वाईट झालंय गं," एवढं बोलून तिला हुंदका आला. "बाबा काहीच बोलत नाहीयेत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

खुर्ची करकरली. रघुवीर उठला. भिंतीला हात लावत, टेबलाला अडखळत तो तिच्यापर्यंत गेला आणि हात पुढे केला. "फोन दे."

"असू दे हो, तुम्ही बसा."

"दे म्हणतो ना." त्याने फोन घेतला. "आसावरी, ऐक. आईने काही केलं नाही. त्या काचेने रंग वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

पलीकडून आसावरीचा बारीक आवाज आला, "बाबा, मग का नाही बोललात?" त्याने फोन टेबलावर माझ्याशेजारी ठेवून दिला.

सुमेधा त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे झाले होते. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि दर आठवड्याला मला विचारत होतात, जांभळा आहे ना म्हणून?"

"मला वाटलं, इथलं ऊन ते केवढं. थोडं जाईल, पण निभावेल."

"सकाळपासून मी रडतेय. तेव्हाही नाही बोललात."

तो नव्या स्वेटरची बाही खाली ओढत राहिला.

"त्याच दिवशी सांगायचं होतंत ना हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, त्याचंच मला जास्त भय वाटलं. "मार्चमध्ये. एक शब्द सांगितला असतात तर..."

"सांगितलं असतं तर तू काढून ठेवलं असतंस," रघुवीर म्हणाला, आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "मला बघायचं होतं गं."

मग तिने मला उचललं, पातळ कागदात गुंडाळलं आणि या खणात आणून ठेवलं. खण लावण्याआधी तिने माझा तो जांभळा उरलेला कोपरा एकदा बोटाने शोधला. त्यावर टॉवेल ठेवले आणि खण लावला.

याला आता महिना होऊन गेला. घरातले आवाज मला इथे ऐकू येतात. ती त्याला वेळेवर चहा देते, डोळ्यांत थेंब घालते, हॉस्पिटलची तारीख आठवण करून देते. तोही "हं" म्हणतो. पण भाजी चिरायला ती आता पुढच्या खोलीत जात नाही, स्वयंपाकघरातच चिरते. त्या दिवसाबद्दल दोघं एकदाही बोललेली नाहीत.

मित्रांनो, जुन्या कागदाचं एक ऐकाल? आम्हाला जपा, उन्हात ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मागणं आहे. तुमचं माणूस तुमच्यासाठी जीव ओतून काही करत असेल, ते चुकतंय हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि ती चूक तुमच्या सोयीची असेल, तर त्या दिवशी "बरं" म्हणून गप्प बसू नका. माझा रंग गेला त्याचं मला फार नाही. दोनशे वर्षं टिकला, खूप झालं. पण त्या बाईने पाच तास स्वतःला दोष दिला, आणि ते पाच तास पुसून टाकता येतील असं या घरात आता काही उरलेलं नाही.